नायकिणीची पट्टी

माझ्या कामाला माझ्या घरात फारसा मान कधी मिळाला नाही. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी गावात सांगितलं की जावई वाशीमला दवाखान्यात असतात, तर दोन शेजारी माझ्या प्रकृतीची चौकशी करून गेले. पुढे आमच्या दवाखान्यात हृदयाची पट्टी काढायचं यंत्र आलं आणि मी त्यावर बसू लागलो, तेव्हा वाटलं, आता तरी. पण बायको अजूनही पाहुण्यांना सांगते, "हे माणसाला तारा बांधून निजवायचे अन् कागद फाडून द्यायचे." यापेक्षा नेमकं वर्णन मलाही आजवर जमलेलं नाही.

दिवाळी अंकासाठी कामातल्या गमती लिहा, असं पत्र आलं, ते तिनंच वाचून दाखवलं. वर विचारलं, "गमतीच लिहिणार ना? का नायकिणीचं लिहिणार?"

मी म्हटलं, बघू. आणि लिहायला बसलो तर लेखणी नायकिणीकडेच सरकू लागली. म्हणून गमती आधी उरकून घेतो.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. हृदयाची पट्टी काढायची तर माणसाला अकोल्याला किंवा नागपूरला न्यावं लागे, आणि ज्याला न्यावं लागे त्याचं हृदय बहुतेक वेळा वाटेतच निकाल देऊन टाकी. आमच्या डॉक्टरांना हे सलत असे. त्यांनी कुठून कुठून खटपट करून एक यंत्र आणलं. ट्रंकेएवढी पेटी, तिला पाच तारा, आत कागदाची गुंडाळी आणि एक तापलेला काटा. माणसाच्या हृदयात जो सूक्ष्म विजेचा खेळ चालतो तो तारांतून काट्यापर्यंत येई, काटा हले आणि मेणचट कागदावर रेघ उमटे. मी तोपर्यंत साधा कंपाउंडर होतो, बाटल्यांवर डोसाच्या खुणांचे कागद चिकटवणारा. डॉक्टरांनी मला पंधरा दिवस नागपूरला शिकायला पाठवलं आणि परत आलो तो मी अर्धा डॉक्टर होऊनच.

ते रेघेचं प्रकरण साधं आहे. एका ठोक्यात आधी एक लहान टेकडी येते, मग एक उभा सुळका, मग एक पसरट टेकाड. मग सपाट माळ, आणि पुन्हा टेकडी. निरोगी माणसाच्या पट्टीवर हाच देखावा सारख्या अंतरानं येत राहतो. टेकाड उलटं झालं, माळ खचला, सुळक्यांमधली अंतरं वेडीवाकडी झाली, की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडे. पट्टी वाचणं त्यांचं काम. माझं काम माणसाला स्वस्थ निजवायचं, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर धातूच्या चकत्या ठेवून त्या मनगटांना आणि घोट्यांना रबरी पट्ट्यांनी बांधायच्या, आणि छातीवर एक रबरी फुग्याची वाटी ठिकठिकाणी चिकटवत जायचं. आणि वाचता आलं तरी तोंड उघडायचं नाही. नागपूरला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

यंत्र माडीवरच्या खोलीत होतं, कारण खाली रस्त्यावरच्या गाड्यांनी काटा थरथरे. माडीला सरळ उभा जिना होता. हृदय तपासायला आलेल्या माणसाला आधी जिना चढायला लावणारा आमचाच दवाखाना असेल. डॉक्टर हसून म्हणत, निम्मी तपासणी जिन्यातच होते. मला तो विनोद वाटे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. रिसोडचे एक धान्याचे व्यापारी आले. त्यांच्या भागीदाराची पट्टी आम्ही आधी काढली होती. यांनी आपली पट्टी हातात घेऊन वीतेनं मोजली आणि म्हणाले, "त्याची लांब होती. माझी आखूड काहून? दिल बारकं आहे काय माझं?" मी आणखी हातभर कागद काढून दिला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि मला एवढंच विचारलं की शेटजींना लग्नाला आहेर करायचा होता का.

एक शिक्षक येत. त्यांचा ठोका चुकत असे. चुकला की ते डोळे मिटून, हात जोडून, घरच्यांची क्षमा मागून घेत. महिन्यातून तीनदा क्षमा मागून झाल्यावर घरच्यांनी आमच्याकडे आणून सोडलं. पट्टीवर खरोखरच मध्येच एक सुळका घाईनं उगवलेला दिसे, त्यानंतर जरा थांबा, आणि पुन्हा सगळं सुरळीत. डॉक्टरांनी विचारलं, चहा किती? गुरुजी म्हणाले, बेताचाच, तेरा-चौदा कप. चहा कमी झाला, ठोके ताळ्यावर आले, आणि गुरुजींच्या बायकोनं मला येऊन सांगितलं की पूर्वीचंच बरं होतं, निदान क्षमा तरी मागत होते.

अशा माणसांमुळे मला वाटू लागलं की हृदयाचं दुखणं हा बव्हंशी थट्टेचा विषय आहे. डॉक्टर मात्र मधून मधून मला शहाणं करायचा प्रयत्न करीत. म्हणत, छातीत दुखतं सांगणारा माणूस एका बोटानं नेमकी जागा दाखवत असेल तर बहुधा भिऊ नये. जो सबंध मूठ किंवा पंजा छातीवर ठेवतो, त्याला बसवून घे. दुखणं चढावर, चालताना, जेवल्यावर येतं का विचार. थांबल्यावर जातं का विचार. खांद्यातून डाव्या हातात उतरतं का, जबड्यात ओढल्यासारखं होतं का, घाम येतो का. माणूस वायू म्हणेल, अपचन म्हणेल, गाडी हाकून हात भरला म्हणेल. तू ऐक, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नको. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. अक्षर माझं चांगलं आहे.

त्याच अक्षरात मी एक पाटीही रंगवून माडीवर लावली होती. नागपूरच्या खोलीत इंग्रजी सूचना होती, तिचं मी मराठी केलं: 'बांगड्या, कडी, तोडे, साखळ्या, करदोडे काढून ठेवावेत. हात व पाय पूर्ण मोकळे असावेत.' खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघा माझ्या.

चैत्रात पोहरादेवीची यात्रा होऊन गेली होती. मानोऱ्याच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यावरून एक जोडपं आलं. तांड्यापासून मंगरूळपीरपर्यंत छकडा आणि पुढे मोटर, असा त्यांचा प्रवास. पुरुष थावरा नायक, तांड्याचा मुख्य. पंचावन्नच्या आसपास, उंच, मोठं लाल पागोटं. बाई त्याची बायको रूपली, म्हणून नायकीण. ती त्याच्याहून पाचसात वर्षांनी लहान असेल. अंगावर आरशांची कांचोळी, कानांजवळ केसांत गुंफलेली चांदीची घुगरी, आणि दोन्ही हात मनगटापासून थेट खांद्यापर्यंत पांढऱ्या हस्तिदंती बांगड्यांनी भरलेले.

डॉक्टरांनी तिला खाली तपासलं. मी बाजूला होतो. काय होतं, असं विचारताच तिनं न अडखळता सांगितलं.

"चढावर छाती दाबल्यावानी होते, डाक्टर. अशी." तिनं मूठ छातीवर ठेवली. "मंग हातात उतरते, डाव्या. दाढंत ओढते. घाम फुटते. बसलं का जाते."

"कधीपासून?"

"होळीच्या पयलेपासून."

नायक बाजूला बसून जमिनीकडे पाहत होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या वहीतलं पान बाई तोंडपाठ म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, "वर ने, पट्टी काढून ठेव. मी एक बाळंतीण पाहून येतो."

आम्ही जिना चढलो. पुढे मी, मागे दवाखान्यातली आया गंगाबाई, तिच्यामागे नायकीण. ती झरझर चढून आली. नायक मात्र अर्ध्या जिन्यात थांबून पागोटं बांधू लागला. चांगलं बांधलेलं पागोटं त्यानं सोडलं आणि पुन्हा सावकाश बांधलं. मी वरून म्हटलं, "नायक, वर फोटो नाही काढायचा, या तसेच." तो हसला.

वर आल्यावर मी पाटीकडे बोट दाखवलं. वाचता कोणालाच येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचली. गंगाबाईनं माझ्याकडे पाहून मान हलवली. नायकीण म्हणाली, "हे नाई निघत."

"साबण लावू. निघतील."

"तसं नाई, बाबू. हे नवरा असेपर्यंत असते. तो गेल्यावर काढतात."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्यात बाईच्या दंडावरच्या बांगड्या आणि केसांतली घुगरी नवऱ्याच्या मागेच उतरते, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण मी पंधरा दिवस नागपूरला शिकून आलो होतो. मी म्हणालो की नियम आहे, नाही तर पट्टी बिघडेल, मग डॉक्टर मला बोलतील. गंगाबाई म्हणाली, "भाऊ, राहू द्या नं. डाक्टरसाहेबाले येऊ द्या, इचारून घेऊ." मी म्हटलं, यंत्र मी शिकलो की तू?

तासभर गेला. नायकीण भिंतीला टेकून बसून राहिली. मग ती नवऱ्याशी त्यांच्या भाषेत बोलू लागली. ती भाषा मला समजत नसे. ती काहीतरी मागत होती, तो नाही म्हणत होता, एवढं आवाजावरून कळलं. मला वाटलं, परत घरी जाऊ म्हणत असेल. अखेर नायक मला ऐकू यावं म्हणून मराठीत म्हणाला, "काढ. मी इथी बसलो आहे नं जिता. मग काय भ्यायचं?"

ती उठली आणि पडद्याआड गेली. साबणाचं पाणी घेऊन गंगाबाई गेली. एकेक बांगडी खाली फडक्यावर ठेवल्याचा आवाज येत होता. नायकानं हात पुढे केला, गंगाबाईनं ते गाठोडं त्याच्या मांडीवर दिलं, आणि तो दोन्ही हातांनी ते धरून बसला.

पट्टी सुरेख आली. इतकी स्वच्छ पट्टी मी महिनाभरात काढली नव्हती. टेकडी, सुळका, टेकाड, जागच्या जागी. मला थोडं नवल वाटलं, कारण बाईनं सांगितलेलं ऐकून मी काही वेगळंच पाहायच्या तयारीत होतो. पण नवल वाटून घेणं माझ्या कामात बसत नव्हतं.

मग ती बांगड्या घालायला पुन्हा पडद्याआड गेली. खूप वेळ लागला. परतीची मोटर दुपारी चारची होती आणि साडेतीन होत आले होते. तेवढ्यात नायक खाटेजवळ आला. तारा, चकत्या, कागद, सगळं त्यानं नीट पाहिलं. यंत्र तापलेलंच होतं, गुंडाळी आत होती.

"याच्यात मानसाले काही होते काय, बाबू? झटका-गिटका?"

"काही होत नाही. मुंगीसुद्धा चावत नाही."

मग तो म्हणाला, "एखाद्या चांगल्या मानसाचं काढलं तं चालते काय? उगंच, पाह्यासाठी."

मला आता चहा प्यायचा होता. शिवाय मला वाटलं, तांड्यावर जाऊन सांगायला यालाही एक कागद हवाय, रिसोडच्या शेटजींसारखा. मी म्हणालो, "नायक, हे जत्रेतलं फोटोचं पाल आहे काय, नवरा-बायकोनं जोडीनं बसायला?"

तो हसला. मोकळेपणानं हसला, माझा विनोद त्याला आवडला असावा. मग कोपऱ्यात जाऊन बसला. मीही खूष होऊन चकत्या पुसायला लागलो.

डॉक्टर आले. पट्टी पाहिली, पुन्हा पाहिली. मला म्हणाले, "पट्टी स्वच्छ आहे, पण लक्षणं इतकी पक्की आहेत की मी लक्षणांवरच भरवसा ठेवीन. कळ येते चढावर, आणि आपण पट्टी काढतो माणसाला निजवून. चोर घरी गेल्यावर पंचनामा करावा तसं आहे हे." त्यांनी बाईला जिभेखाली ठेवायच्या बारक्या गोळ्या दिल्या, कळ आली की एक, आणि जड उचलायचं नाही म्हणून बजावलं. तिनं गोळ्या कशा घ्यायच्या ते तीनदा विचारून घेतलं. ती दोघं निघाली. जिना उतरताना मात्र पागोटं सुटलं नाही.

पेरणीच्या दिवसांत त्या तांड्यावरचा एक माणूस मांडीवरचं गळू फोडून घ्यायला आला. मी सहज विचारलं, नायकीण कशी आहे? तो म्हणाला, "नायकीण जशीच्या तशी आहे. नायक गेला."

"कशानं?"

"रानात होता. वावराच्या धुऱ्यावर बसला, अन् गेला. छातीले हात लावून होता म्हनतात." मग त्यानं आवाज खाली आणला. "तुमच्या इथी तिच्या बांगड्या उतरवल्या नं? तिनंच सांगतलं तांड्यात. म्हने, नवरा जिता असताना मी हात मोकळे केले, म्हनून."

मी गळूवरची पट्टी बांधली. ती सैल बांधली गेली, गंगाबाईनं पुन्हा बांधली.

संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तू तिच्या बांगड्या काढायला लावल्या कशाला?"

"नियम आहे ना."

"हात तुटलेल्या माणसाची पट्टी आपण काढली होती, तेव्हा चकती कुठे बांधली होतीस?"

"खांद्याला."

"मग? विजेला मनगट काय आणि खांदा काय, हातच तो. आणि हस्तिदंताचा पट्टीशी काय संबंध?" ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "मला विचारायचंस," एवढंच म्हणाले आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

मी माडीवर जाऊन पाटी काढली. खिळ्याचं भोक बुजवायला नंतर चुना लावला.

घरी हे बायकोला सांगितलं. थट्टेनं सांगता आलं नाही, तेव्हा तिला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. ती म्हणाली, "मग जा नं तिथं. सांगा त्या बाईले की बांगड्यानं माणूस मरत नाही. तिले कोण सांगेल दुसरं?"

मी गेलो. मोटरनं मंगरूळपीर, तिथून मानोरा, पुढे एका ओळखीच्याची सायकल घेऊन तांड्यावर. वाटेत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या असतात, त्या आतून अरुंद होतात, एक दिवस बंद होतात, त्याला बांगड्या कारण नसतात. साध्या भाषेत, दहा मिनिटांत. मी स्वतःवर खूष होत होतो, हेही लिहून टाकतो.

नायकाचं घर तांड्याच्या तोंडाशी होतं. बाहेर त्याचा धाकटा भाऊ दोर वळत बसला होता. त्यानं आत हाक दिली. नायकीण बाहेर आली. घुगरी नव्हती. हात मोकळे होते. उन्हानं काळवंडलेल्या पंजांच्या वर खांद्यापर्यंत हात कसे फिकट, कोणा दुसऱ्याच बाईचे असल्यासारखे दिसत होते.

"पट्टीवाले नं तुमी?"

"हो."

"बसा." तिनं पाण्याचा लोटा माझ्यापुढे ठेवला.

मी सुरू केलं. नळ्यांपर्यंत पोचलो असेन. ती म्हणाली, "मले काही नवतं, बाबू."

"म्हणजे?"

"दुखत तं त्याईले होतं. होळीच्या पयलेपासून. चढ लागला का पागोटं सोडून बांधत बसे. लोकाईले वाटे, नायक शौकीन आहे." ती एका सुरात बोलत होती. "डाक्टरकडं चला म्हटलं तं म्हने, नायक बिमार आहे म्हटलं का भाऊबंद दुसरा नायक पाह्यतात. मंग म्हटलं, मलेच दुखते. मले घेऊन चला. बायकोसाठी येते मानूस."

दोर वळणारा भाऊ थांबला होता.

"तिथी त्याईचं पाहून पाहून पाठ केलतं थे सारं सांगतलं. म्हटलं, एक डाव तिथी गेले, मशीन पाह्यली, मह्यं काढताना पाह्यलं, तं भेव जाइन. मंग तुमी त्याईचंबी काढसान. बांगड्याचं तुमी काढलं तवा मी त्याईलेच म्हटलं, तुमी निजा नं पयले, तुमाले काही काढाचं नाही. थे म्हने, तू निजशीन तं मी निजीन. म्हनून काढल्या."

आमच्यापुढे त्यांच्या भाषेत झालेलं बोलणं ते होतं.

"घालताना मी मुद्दाम उशीर करत होती. गंगाबाई म्हने, लवकर आटप, मोटर जाइन. मी म्हटलं, तवर बाहेर त्याईचं होइन."

मी पडद्याबाहेर काय करत होतो ते मला आठवलं.

"गोळ्या?" मी विचारलं.

"त्याईलेच देत होती. म्हने, तुह्या गोळीनं माहा वायू उतरते. हासे." प्रथमच तिचा आवाज जरा हलला. "त्या दिवशी थे रानात होते. गोळ्या घरी."

मग तिनं मला विचारलं. त्यासाठीच ती इतकं बोलली असावी.

"त्याईचं काढलं असतं, तं दिसलं असतं काय?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. अशा माणसाला निजवून पट्टी काढली तर ती पुष्कळदा स्वच्छच येते. नायकाची पट्टीही कदाचित तिच्याइतकीच सुरेख आली असती, आणि मी ती मोठ्या अभिमानानं फाडून हातात दिली असती. म्हणजे 'नाही' म्हणावं, तर तिनं बांगड्या उतरवल्या, खोटं बोलली, पडद्याआड वेळ काढला, ते सगळं फुकट. 'माहीत नाही' म्हणावं, तर ती उरलेलं आयुष्य त्या मोकळ्या हातांकडे पाहत बसणार, आणि कारण म्हणून तिच्याकडे तेवढंच उरणार.

मी म्हणालो, "दिसलं असतं."

आणि तिथं थांबलो नाही.

"तुमचं बरोबर होतं, नायकीण. चूक माझी. त्यांनी मला विचारलं होतं. तुम्ही आत होता तेव्हा. माझं काढता का, असंच म्हणाले होते जवळपास. यंत्र चालू होतं. मी थट्टा केली."

"काय म्हटलं तुमी?"

मी ते वाक्य तिला सांगितलं. जत्रेतल्या पालाचं. जसंच्या तसं.

"अन् थे?"

"हसले."

तिनं लोटा उचलला. आत नेऊन ठेवला. परत दारात आली तेव्हा तिचा चेहरा पार बदललेला होता.

"उठा," ती म्हणाली. "उठा तुमी. मह्या दारातून उठा. मानूस मरून राह्यला होता तुमच्यापुढं अन् तुमी मजाक करत होते? शिकेल मानूस तुमी? तुमाले दिसलं नाही? दोन डोये फुटले होते काय तुमचे?"

मी सायकल घेतली. ती माझ्यामागून बाहेर आली. शेजारच्या घरांतून बाया निघाल्या. ती सगळ्यांना ओरडून सांगत होती की हाच तो, वाशीमचा पट्टीवाला, यानंच मारलं नायकाला. मग तिच्या भाषेत सुरू झाली. ती भाषा मला समजत नसे, पण त्या दिवशी समजली. मग तिचं बोलणं फुटलं आणि ती तिथंच मातीत बसून रडायला लागली. बाया तिच्याभोवती जमल्या.

नायकाचा भाऊ तांड्याच्या शेवटापर्यंत माझ्याबरोबर आला. मला वाटलं, आता हा हात उचलणार. तो म्हणाला, "थो गेला त्या दिवसापासून रडली नव्हती. भिंतीकडं तोंड करून बसे. हातच पाहे आपले." थोडं चालून म्हणाला, "तुमी आता इकडं येऊ नका."

मी त्याला विचारलं नाही की माझं 'दिसलं असतं' त्याला खरं वाटलं का. मला अजूनही ते निम्मं खोटं आणि निम्मं खरं वाटतं. कोणतं निम्मं कोणतं, हे बायकोला समजावून सांगायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला. ती म्हणते, राहू द्या.

त्यानंतर त्या तांड्यावरून आमच्याकडे कोणी आलं नाही. गळवं घेऊन नाही, ताप घेऊन नाही, बाळंतपणं घेऊन नाही. छातीत दुखणारं दुसरं कोणी तिकडे नसेलच, असं काही मला म्हणवत नाही. ते कुठे गेले असतील आणि त्यांना कोणी तपासलं असेल, ही माझ्या उत्तराची दुसरी बाजू तिथं ओसरीवर बसून मला सुचली नव्हती.

दोनएक वर्षांनी रोग्यांची वही चाळताना डॉक्टर म्हणाले, "मानोऱ्याकडच्या त्या तांड्याचे लोक हल्ली दिसत नाहीत रे."

मी चकत्या पुसत होतो. म्हणालो, "बरे असतील, डॉक्टर."

ते मान हलवून पुढचं पान पाहू लागले.